मराठी प्रबंधासाठी लाटेकचा साचा आपल्या मापाचा करताना

प्रश्न थोडक्यात असा: अंबाजोगाईच्या एका संशोधक विद्यार्थिनीने मुकुंदराज, दासोपंत, जनाबाई अशा मराठवाड्यातल्या संतकवींवरचा प्रबंध लाटेकमध्ये (लिहिलेल्या आज्ञांवरून पाने जुळवणाऱ्या संगणकप्रणालीत) लावायला घेतला आहे. रिपोर्ट क्लास (लाटेकमधला एक तयार साचा) घेतला, मजकूर भरला, पीडीएफही निघाली. पण प्रकरणांची शीर्षके इंग्रजी धाटणीची येतात, पानांचे आकडे इंग्रजी पडतात, अनुक्रमणिकेत ‘प्रकरण’ हा शब्द शीर्षकावर चढतो, ओव्या कुठेही तुटतात, आणि वर "सर म्हणायलेत, वर्डमधल्यासारखं दीडचं अंतर पाहिजे." हे सगळे पानोपानी हाताने दुरुस्त करत बसायचे का?

हाताने काहीही दुरुस्त करू नका. मजकुरात जागोजागी व्हीस्पेस, टेक्स्टबीएफ आणि न्यूपेज (मोकळी जागा, ठळक अक्षर आणि नवे पान यांच्या आज्ञा) टाकून सजवलेला प्रबंध मार्गदर्शकांच्या पहिल्याच दुरुस्तीत विस्कटतो. पानावर जे जे दिसते त्याचा एक मालक ठरलेला असतो. समास जॉमेट्री या पॅकेजकडे (पॅकेज म्हणजे लाटेकला जोडायची पुरवणी), शीर्षक टायटलसेककडे, पानाचा माथा फॅन्सीएचडीआरकडे, ‘प्रकरण’ हा शब्द भाषेच्या पॅकेजकडे, अक्षराचा आकार फाँटकडे. बदल त्या मालकाकडेच सांगायचा, तोही एकदाच आणि प्रस्तावनाभागात, म्हणजे फाइलमध्ये मजकूर सुरू होण्याआधीच्या भागात. लाटेकमध्ये लोकांचे जे तास वाया जातात ते बहुतेक चुकीच्या मालकाशी भांडण्यात.

(आज्ञा आणि पॅकेजांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच टंकायची आणि आज्ञेच्या आधी बॅकस्लॅश द्यायचा.)

आधी इंजिन, म्हणजे फाइलची पीडीएफ करणारा प्रोग्राम. पीडीएफलाटेक मराठीसाठी विसरा. झीलाटेक घ्या. लुआलाटेक घेणार असाल तर फाँटच्या पर्यायांत रेंडरर (अक्षरे जुळवणारा भाग) म्हणून हार्फबझ लिहा, कारण त्याचे मूळचे रेंडरर जोडाक्षरांत गडबड करते. फाँट शोभिका, टिरो देवनागरी मराठी किंवा नोटो सेरिफ देवनागरी यांपैकी कोणताही चालेल. तिन्ही मोफत आहेत. फाँटस्पेकच्या सेटमेनफाँटने फाँट लावत असाल तर स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी हे दोन्ही पर्याय लिहा. पहिला राहिला की जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी बसते. दुसरा राहिला की ज्या फाँटमध्ये ल आणि श यांची मराठी रूपे वेगळी दिली आहेत, तिथे हिंदी वळणाची रूपे उमटतात. बेबलची बेबलफाँट आज्ञा वापरली तर हे दोन्ही पर्याय ती स्वतः लावते, म्हणून मी तीच सुचवेन.

भाषेसाठी बेबल किंवा पॉलिग्लॉसिया, दोन्हींपैकी एकच. बेबलमध्ये बेबलप्रोव्हाइड आज्ञेला इंपोर्ट, मेन आणि मॅपअरेबिक हे तीन पर्याय देऊन मराठी मागवा. मॅपअरेबिकमुळे पान, प्रकरण, तक्ता, तळटीप अशा लाटेक स्वतः मोजत असलेल्या सगळ्या गोष्टींचे आकडे देवनागरीत पडतात. तुम्ही मजकुरात टंकलेले आकडे मात्र जसेच्या तसे राहतात. सन इंग्रजी अंकांत टंकला तर तो इंग्रजीच छापला जाणार.

‘चॅप्टर’ऐवजी ‘प्रकरण’, ‘टेबल’ऐवजी ‘तक्ता’ यासाठी बहुतेक जण चॅप्टरनेम ही आज्ञा प्रस्तावनाभागात रिन्यूकमांडने बदलतात आणि काहीच फरक पडला नाही म्हणून डोके धरून बसतात. कारण साधे आहे. दस्तऐवज सुरू होताना बेबल आपली शब्दयादी पुन्हा लावते आणि तुमचा बदल पुसला जातो. म्हणून सेटलोकेलकॅप्शन ही आज्ञा वापरा: भाषा मराठी, वस्तू चॅप्टर, शब्द प्रकरण. टेबल, फिगर, कंटेंट्स, बिब (संदर्भसूची) यांनाही तीच.

आता पान. रिपोर्ट क्लासचा मूळ कागद अमेरिकन लेटर आहे, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए४ आहे २१० बाय २९७. क्लासच्या पर्यायांत ए४पेपर लिहिले नाही तर ओळीची लांबी लेटरच्या हिशेबाने धरली जाते आणि समास कधीच जुळत नाहीत. विद्यापीठाच्या किंवा संशोधन केंद्राच्या परिपत्रकात समास दिले असतील तर तेच घ्या. दिले नसतील तर बांधणीकडे ३८ मिलिमीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना २५ धरा. कागदाच्या एकाच बाजूला छापणार असाल तर लेफ्ट आणि राइट लिहा. दोन्ही बाजूंना छापणार असाल तर क्लासला टूसाइड देऊन इनर आणि आउटर लिहा. नाहीतर पाठच्या पानाचा मजकूर शिवणीत जातो. काम चालू असेपर्यंत जॉमेट्रीचा शोफ्रेम पर्याय चालू ठेवा. चौकटी डोळ्यांसमोर असल्या की काय कुठे सरकले ते लगेच कळते.

टूसाइडची एक छुपी अट आहे. त्यात रिपोर्ट क्लास प्रत्येक पान तळापर्यंत ताणतो. ओव्या, उतारे आणि तक्ते असलेल्या प्रबंधात त्यामुळे परिच्छेदांमध्ये विचित्र फटी पडतात. रॅग्डबॉटम लिहा आणि जॉमेट्रीला हाइटराउंडेड द्या, म्हणजे पानावर पूर्ण ओळीच मावतील.

ओळींमधल्या अंतराकडे जरा नीट पाहा, कारण मराठीत बिघाड इथेच जास्त होतो. १२ पॉइंटच्या रिपोर्टमध्ये मूळचे ओळअंतर १४.५ पॉइंट आहे. ते रोमन अक्षरांना पुरते, देवनागरीला नाही: वर रफार आणि वेलांटी, खाली उकार, त्यात ‘ट्ठ’, ‘द्ध’ अशी उभी जोडाक्षरे. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडू लागला की टेक (लाटेकच्या मुळाशी असलेली प्रणाली) ठरलेले अंतर सोडते आणि त्या दोन ओळींपुरती एक पॉइंटची फट ठेवून पुढे जाते. परिणाम असा की एकाच परिच्छेदात काही ओळी जवळ, काही लांब. लोक फाँटला दोष देतात. खरा दोष अपुऱ्या ओळअंतराचा असतो.

सेटस्पेस पॅकेजची वनहाफस्पेसिंग आज्ञा १२ पॉइंटला १.२४१ ने गुणते, म्हणजे १८ पॉइंट अंतर मिळते. १२ पॉइंट अक्षराच्या बरोबर दीडपट. मराठी मजकुराला हे उत्तम बसते. २४७ मिलिमीटर उंचीच्या मजकूरचौकटीत साधारण ३९ ओळी येतात.

पण सरांनी वर्डची प्रत शेजारी ठेवली तर तिथले ‘१.५’ अधिक सुटे दिसेल. वर्ड अक्षराच्या पॉइंटला नव्हे, तर फाँटच्या आत नोंदवलेल्या ओळीच्या उंचीला दीडने गुणते, आणि देवनागरी फाँटमध्ये ती उंची भरपूर ठेवलेली असते. परिपत्रकात फक्त ‘दीड अंतर’ असेल तर १८ पॉइंट हे दीडच आहे, हे सरांना आकड्यानिशी दाखवा. वर्डशी तंतोतंत जुळवायचाच आग्रह असेल तर वर्डच्या छापील पानावर दहा अंतरे पट्टीने मोजा, दहाने भागा आणि येणाऱ्या पॉइंटला १४.५ ने भागून तो आकडा सेटस्ट्रेचला द्या. एक मिलिमीटर म्हणजे सुमारे २.८५ पॉइंट.

सेटस्पेस तळटिपा मात्र एकेरी अंतरावरच ठेवते: १० पॉइंट अक्षर, १२ पॉइंट अंतर. देवनागरीला हे दाटते. त्यासाठी सेटसिंगलस्पेस आज्ञेला १.१५ द्या. लोक तळटिपांच्या आत हाताने अंतर वाढवत बसतात, त्याची गरज नाही.

प्रकरणाचे शीर्षक. रिपोर्ट क्लास वर ५० पॉइंट मोकळे सोडतो, मग ‘प्रकरण १’, मग २० पॉइंट, मग प्रचंड आकाराचे ठळक शीर्षक, मग ४० पॉइंट. मराठी प्रबंधाची शीर्षके लांब असतात (‘जनाबाईंच्या अभंगांतील श्रमसंस्कृतीचे चित्रण’ असे काहीतरी), त्यामुळे तीन ओळींचे शीर्षक अर्धे पान खाते. टायटलसेकच्या टायटलफॉरमॅटमध्ये चॅप्टरसाठी डिस्प्ले ही मांडणी ठेवा, दोन्ही ओळी मध्यभागी घ्या, वरच्या ओळीला लार्ज आणि शीर्षकाला सगळ्या कॅपिटल अक्षरांतले लार्ज आणि ठळक द्या, दोहोंमध्ये १० पॉइंट. टायटलस्पेसिंगमध्ये वर १० आणि खाली २४ पॉइंट. एवढ्याने पान मराठी ग्रंथासारखे दिसू लागते.

‘प्रकरण पहिले’, ‘प्रकरण दुसरे’ असे शब्दांत हवे असेल तर इफकेसने यादी करा (ती शून्यापासून मोजते, म्हणून शून्याची जागा रिकामी सोडून): पहिले, दुसरे, तिसरे, चौथे, पाचवे, सहावे. इथे दोन खड्डे आहेत. पहिला: इफकेसला व्हॅल्यू चॅप्टर द्यायचे, दचॅप्टर नाही. मॅपअरेबिकनंतर दचॅप्टरमधून देवनागरी आकडा बाहेर पडतो, टेकच्या लेखी तो आकडाच नसतो, आणि ‘मिसिंग नंबर’ ही चूक येते. दुसरा: दचॅप्टरची व्याख्याच बदलून ‘पहिले’ करू नका. ती केली की विभागांचे क्रमांक ‘पहिले.१’, तक्त्यांचे ‘पहिले.३’ आणि संदर्भांतही तेच. शब्द फक्त टायटलफॉरमॅटमधल्या लेबलात टाका. आत मोजणी आकड्यांचीच राहू द्या.

ऋणनिर्देश, प्रास्ताविक, समारोप यांना क्रमांक नको म्हणून तारांकित चॅप्टर वापराल. ते अनुक्रमणिकेत आपोआप जात नाही आणि पानाच्या माथ्यावरचे नावही बदलत नाही, मग समारोपाच्या पानांवर आधीच्या प्रकरणाचे नाव झळकत राहते. त्याच्याखाली अ‍ॅडकंटेंट्सलाइन आणि मार्कबोथ दोन्ही हवेत. तीन ठिकाणी ते लिहिण्यापेक्षा या तिन्ही गोष्टी एकत्र करणारी आपलीच एक आज्ञा करा. झीलाटेक आणि लुआलाटेकमध्ये तिचे नाव देवनागरीतही ठेवता येते. ‘बिनक्रमांक’ म्हटले तरी चालते.

अनुक्रमणिकेतली चढाचढी: रिपोर्ट क्लास प्रकरणाच्या क्रमांकासाठी फक्त १.५ एम जागा ठेवतो (एम हे अक्षराच्या आकारावर ठरणारे माप). एका आकड्याला ती पुरते, ‘प्रकरण १’ला नाही. अनुक्रमणिकेच्या टॉकलॉफ्ट पॅकेजमध्ये सीएफटीचॅपप्रेसनम या आज्ञेत ‘प्रकरण’ आणि एक जागा लिहा आणि सीएफटीचॅपनमविड्थ ५.५ एम करा. विभागांचा इंडेंटही त्या मानाने सरकवावा लागेल. आणि लाटेक दोनदा चालवल्याशिवाय अनुक्रमणिकेकडे पाहूच नका.

पानाच्या माथ्यासाठी फॅन्सीएचडीआर. आधी फॅन्सीएचएफ रिकामे करा, मग हवे ते भरा. डाव्या पानावर लेफ्टमार्क म्हणजे प्रकरण, उजव्यावर राइटमार्क म्हणजे विभाग, बाहेरच्या कोपऱ्यात पानाचा आकडा. लांब शीर्षकासाठी चॅप्टरच्या चौकटी कंसात छोटे नाव द्या, ते अनुक्रमणिकेत आणि माथ्यावर जाईल. लॉगमध्ये (लाटेक चालताना लिहिते त्या नोंदींच्या फाइलीत) ‘हेडहाइट लहान आहे’ अशी सूचना येईल आणि ती किमान किती हवी तेही तिथेच लिहिलेले असेल. देवनागरीसाठी सरळ १८ पॉइंट द्या, पण तो आकडा जॉमेट्रीत द्या, म्हणजे बाकीची मापे ती सांभाळते. प्रकरणाच्या पहिल्या पानावर वेगळाच माथा का येतो, हा प्रश्न हमखास येतो. चॅप्टर आज्ञा त्या पानाला प्लेन शैली लावते; फॅन्सीपेजस्टाइलने प्लेनच आपल्या मनासारखी करून टाका. प्रकरणाआधी रिकामे सुटलेले पान खरेच रिकामे हवे असेल तर एम्प्टीपेज पॅकेज घ्या.

आता ओव्या. त्यांच्यासाठी स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट (सुरुवात आणि शेवट असलेली आज्ञांची चौकट) करा, नाव सरळ ‘ओवी’ ठेवा. न्यूडॉक्युमेंटएन्व्हायर्नमेंट वापरा, कारण जुन्या न्यूएन्व्हायर्नमेंटमध्ये दिलेला घटक शेवटच्या भागात वापरता येत नाही आणि आपल्याला ओवीचा क्रमांक शेवटीच हवा असतो. तो क्रमांक लाटेकला मोजू देऊ नका. प्रबंधात येणारा क्रमांक मूळ ग्रंथातला असतो, सलग नसतो, म्हणून तो हाताने द्यायचा.

सुरुवातीच्या भागात: दोन्ही बाजूंना २ एम समास, परिच्छेदाचा इंडेंट शून्य, वर-खाली ६ पॉइंट. ओवीतल्या पहिल्या ओळीच्या शेवटी दोन बॅकस्लॅशनंतर तारा टाका. त्या ताऱ्यामुळे तिथे पान तुटत नाही. शेवटच्या भागात क्रमांक उजव्या कडेला न्यायचा. नुसते एचफिल आणि ‘॥ १२ ॥’ एवढे पुरते तोवर पुरते. ओळ भरलेली असली की क्रमांक पुढच्या ओळीत डाव्या कडेला जाऊन पडतो. खात्रीचा क्रम असा: अनस्किप, नोब्रेक, एचफिल, पेनल्टी ५०, एचस्किप २ एम, रिकामा एचबॉक्स, नोब्रेक, एचफिल, मग एमबॉक्समध्ये क्रमांक, पॅरफिलस्किप शून्य आणि शेवटी पार. क्रमांक मावला तर त्याच ओळीत, नाही मावला तर पुढच्या ओळीत, पण दोन्ही वेळा उजव्या कडेलाच. तो रिकामा एचबॉक्स अनावश्यक वाटतो म्हणून काढू नका. ओळ तुटल्यावर तिच्या सुरुवातीची जागा टेक गिळते. ती त्या डबीमुळे टिकते.

दंडाआधी जागा सोडत असाल तर ती टिल्डने सोडा. साध्या जागेवर ओळ तुटली की पुढची ओळ दंडाने सुरू होते, आणि परीक्षकांच्या नजरेत नेमके तेच भरते. अभंगासाठीही हेच एन्व्हायर्नमेंट थोड्या फरकाने चालेल, पण नाव वेगळे ठेवा. उद्या फक्त अभंग मध्यभागी घ्यायचे ठरले तर एका ओळीत काम होईल.

देवनागरीत तिरपे अक्षर मुळात नाही. एम्फ आज्ञा दिली की फाँटला तिरपे रूप सापडत नाही, लॉगमध्ये सूचना येते आणि शब्द साधाच छापला जातो. फेकस्लँटने अक्षर ओढून तिरपे करता येते, दिसते मात्र केविलवाणे. डिक्लेअरएम्फसीक्वेन्सला बीएफसिरीज द्या, सगळे जोर ठळक होतील. मथळ्यात अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा मोहही नको, शिरोरेषा तुटते.

ओळ समासाबाहेर जाते ती लांब सामासिक शब्दांमुळे. लॉगमध्ये ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ शोधा किंवा क्लासला ड्राफ्ट पर्याय द्या, म्हणजे अशा ओळींपुढे काळी पट्टी दिसेल. इमर्जन्सीस्ट्रेच ३ एम ठेवले की बहुतेक मिटतात. उरलेल्या चार-दोन वाक्यरचना बदलून मिटवा. पूर्ण प्रबंधाला स्लॉपी लावू नका, शब्दांमध्ये दरी पडते.

तक्त्यांसाठी अ‍ॅरेस्ट्रेच १.३, नाहीतर वेलांट्या रेषेला घासतात. सूची करणार असाल तर मेकइंडेक्स देवनागरी पानक्रमांक ओळखत नाही आणि नोंदी टाकून देतो. झिंडी घ्या, तिथे देवनागरी अंक स्वतः घोषित करता येतात.

सगळे जमले की ते प्रस्तावनाभागातून उचलून एका क्लास फाइलमध्ये ठेवा. वर नीड्सटेकफॉरमॅट आणि प्रोव्हाइड्सक्लास, मग लोडक्लासने १२ पॉइंट, ए४चा रिपोर्ट, मग जॉमेट्री, बेबल, सेटस्पेस, टायटलसेक, टॉकलॉफ्ट, फॅन्सीएचडीआर, आणि हायपररेफ (पीडीएफमधले दुवे जोडणारे पॅकेज) शेवटी. हायपररेफ लवकर घेतले तर नंतरची पॅकेजे त्याची जोडणी मोडतात. आपल्या मराठी विभागातल्या इतरांना हीच फाइल द्यायची. त्यांनी फक्त मजकूर लिहायचा. मेमॉयर किंवा कोमा-स्क्रिप्ट या दुसऱ्या साच्यांवर आधारित क्लास कुणी आणून दिला तर त्यात टायटलसेक मिसळू नका, त्यांची शीर्षकांची व्यवस्था स्वतःची असते.

मजकूर डीटीपीवाल्याकडून टंकून घेतला असेल तर तो बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये असतो. युनिकोडमध्ये बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्य’ या तीन जागा डोळ्यांखालून घाला. पीडीएफमध्ये ठिपक्यांचे वर्तुळ दिसले की तिथे मात्रा अक्षराविना पडली आहे असे समजा. हे साच्यात दुरुस्त होत नाही, मूळ मजकुरातच करावे लागते.

छपाईला पीडीएफच द्या. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात द्या की गावातल्या झेरॉक्सवर, छापताना ‘फिट टू पेज’ नको, ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ हवे हे समोर उभे राहून सांगा. ‘फिट’मध्ये पान तीन-चार टक्के आकसते आणि ३८ मिलिमीटरचा समास ३८ राहत नाही. एक पान छापून पट्टी लावा. रेक्झिन बांधणीत बाइंडर तीन बाजू २ ते ३ मिलिमीटर कापतो, म्हणून पानाचा आकडा कागदाच्या कडेपासून किमान १२ मिलिमीटर आत आहे हेही त्याच पानावर मोजून घ्या, मगच बाकीच्या प्रती काढायला सांगा.